चेंडूवाला दिवा विझत का नाही?

दसऱ्याच्या आधी गाडी आतून-बाहेरून लख्ख करून घेण्याची पद्धत आता गावोगाव रुळली आहे. वॉशिंग सेंटरवाला पुढच्या सीटा सोडवतो, खालचा गालिचा शाम्पूने घासतो, फटीत अडकलेले शेंगदाणे आणि टोलच्या पावत्या बाहेर काढतो. संध्याकाळी गाडी चकचकीत होऊन दारात येते. किल्ली फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे नेहमीसारखे लागतात आणि विझतात. एकच विझत नाही. खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर भलामोठा चेंडू, असं त्याचं चित्र असतं. हा एअरबॅगचा दिवा.

गाडी मात्र मजेत चालते. ॲव्हरेज तेच, ब्रेक तेच, एसी तितकाच थंड. ओळखीचा मेकॅनिक वाकून बघतो आणि म्हणतो, ‘काही नाही साहेब, सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. बिनधास्त चालवा.’ काही दिवस तो दिवा डोळ्यांत खुपतो, मग सवय होते, आणि पुढेपुढे तो दिसेनासाच होतो.

कोडं असं, की एअरबॅग असते स्टिअरिंगच्या पोटात आणि डॅशबोर्डच्या आत. तिला कोणी हात लावलेला नाही, गाडी कुठे आपटलेली नाही. साफसफाई झाली ती सीटखाली. मग दिवा का लागला? आणि लागलाच आहे, तर गाडी इतकी सुरळीत कशी चालते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गाडी चालण्याशी एअरबॅगचा काही संबंधच नसतो. ही यंत्रणा वर्षानुवर्षं काहीच करत नाही, आणि एखाद्या दिवशी डोळ्याचं पातं लवायच्या आत तिला सगळं काम उरकावं लागतं. पहिल्या प्रश्नासाठी मात्र जरा खोल शिरावं लागेल.

किल्ली फिरवल्यानंतरचे काही सेकंद

बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याखाली, दोन पुढच्या सीटांमधल्या उंचवट्यावर, तळहाताएवढी एक डबी बोल्टने घट्ट बसवलेली असते. हे एअरबॅगचं कंट्रोल युनिट. गाडीचा वेग किती झटक्यात घटला हे मोजणारा सेन्सर या डबीतच असतो. गाडीच्या नाकाशी, बंपरच्या मागे, बऱ्याच गाड्यांत आणखी एक-दोन सेन्सर असतात. बाजूच्या एअरबॅग असतील तर दारांमधल्या खांबांतही असतात.

या डबीतून वायरी चहूकडे जातात. चालकाच्या आणि शेजारच्या एअरबॅगकडे, सीटच्या कडेला शिवलेल्या एअरबॅगकडे, छताच्या कडेने लपवलेल्या पडद्यांकडे. धडकेच्या क्षणी सीटबेल्ट मागे खेचून अंगाशी घट्ट करणारी एक छोटी स्फोटक यंत्रणा असते, तिला प्रीटेन्शनर म्हणतात, तिच्याकडेही. शिवाय बेल्ट लावला आहे की नाही हे सांगणारं बकलमधलं बटण आणि काही गाड्यांत शेजारच्या सीटवर कोणी बसलंय का हे ओळखणारी सीटमधली चटई. या सगळ्या गोतावळ्यासाठी मीटरवर दिवा मात्र एकच. त्यातलं काहीही बिघडलं तरी तोच लागतो. म्हणून ‘एअरबॅगचा दिवा’ हे नावच थोडं फसवं आहे.

किल्ली फिरवली की हे युनिट आधी स्वतःची आणि मग प्रत्येक वायरीची तपासणी करतं. तेवढे काही सेकंद दिवा लागलेला असतो. सगळं ठीक असेल तर विझतो. गाडी चालू असतानाही तपासणी थांबत नाही. फक्त आपल्याला ती दिसत नाही.

दोन ओहमची राखण

ही तपासणी नेमकी कशाची असते, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

प्रत्येक एअरबॅगच्या मुळाशी एक पेटवण असते. तिच्यात केसासारखी बारीक तार आणि तिला चिकटून चिमूटभर ज्वलनशील रसायन. तारेतून पुरेसा प्रवाह गेला की ती तापते, रसायन पेटतं, त्याने मुख्य मसाला पेटतो आणि निघालेल्या वायूने पिशवी फुगते. ‘पुरेसा’ म्हणजे किती? सर्वसाधारण पेटवणीला सुमारे १.२ अँपिअर, तेही फक्त २ मिलिसेकंद. मोबाइलचा साधा चार्जर यापेक्षा जास्त प्रवाह देतो.

या तारेचा विद्युतरोध साधारण २ ओहम असतो. कंट्रोल युनिट तिच्यातून अँपिअरच्या काही शतांश भागाएवढा, म्हणजे पेटवणीला जाग येणार नाही इतका हलका प्रवाह सोडतं आणि रोध मोजतं. २ ओहमच्या आसपास आकडा आला की ठीक. फार जास्त आला तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा जोड सैल आहे. जवळजवळ शून्य आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एखादी वायर गाडीच्या पत्र्याला टेकली असेल, तर तेही त्याला कळतं.

जुन्या वाड्याचा रखवालदार रात्री फेरी मारताना प्रत्येक खोलीचं कुलूप एकदा ओढून पाहतो. कडी जागेवर आहे, कुलूप लागलेलं आहे, एवढं त्याला कळतं. खोलीतलं धान्य चांगलं आहे की किडलं, हे त्याच्या फेरीतून समजत नाही, आणि तो तसा दावाही करत नाही. कंट्रोल युनिटची फेरी अशीच असते. ते वायरीची खबर देतं. पिशवीची आणि मसाल्याची नाही. दिवा लागणं आणि दिवा न लागणं, या दोन्हींचा अर्थ लावताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

इतकी काटेकोर तपासणी कशाला?

एखादा ओहम इकडे-तिकडे झाला म्हणून काय बिघडलं, असं वाटेल. घरातल्या बल्बचं खरंच काही बिघडत नाही. एअरबॅगची अडचण वेळेची आहे.

मोटारीत फुगणारी पिशवी ही कल्पना जुनी. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांचीही त्याच सुमाराची कल्पना होती. दोघांचाही भर दाबून भरलेल्या हवेवर होता, आणि ती हवा पिशवीत पोचेपर्यंत चालकाची छाती स्टिअरिंगला पोचलेली असायची. पेटणाऱ्या मसाल्यातून वायू तयार करण्याची युक्ती आणि धडक चटकन ओळखणारा सेन्सर येईपर्यंत ही कल्पना कागदावरच राहिली. तसा सेन्सर अमेरिकेत ॲलन ब्रीड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवला: नळीत एक धातूची गोळी, चुंबकाने धरून ठेवलेली, मोठा धक्का बसला की ती सुटते आणि विजेचा मार्ग जोडते. आज तिची जागा सिलिकॉनच्या चिपने घेतली आहे.

समोरासमोरच्या धडकेचा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या-सातव्या भागात संपतो. त्यातल्या पहिल्या १५ ते ३० मिलिसेकंदांत ‘ही खरी धडक आहे, खड्डा नव्हे’ हा निर्णय व्हावा लागतो. पुढच्या २० ते ३० मिलिसेकंदांत पिशवी पूर्ण फुगते, आणि माणूस तिच्यावर आदळतो तेव्हा ती मागच्या भोकांतून वायू सोडत बसायलाही लागलेली असते. फुगतच असलेल्या पिशवीवर आदळणं धोक्याचं, म्हणून स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंटिमीटर लांब असावी असं सांगतात. (मऊ उशी समोर येते ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी. पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर पडू शकते. बेल्टच्या जोडीने काम करावं असाच तिचा हिशेब केलेला असतो.)

इतक्या तोकड्या वेळात ‘बघू, दुसऱ्यांदा प्रयत्न करू’ याला जागाच नाही. गंजलेल्या जोडातून प्रवाह कमी पोचला तर पेटवण पेटणार नाही. उलट वायरी कुठे भलतीकडे चिकटल्या असतील, तर धडक नसताना पिशवी उघडण्याची भीती. म्हणून शंका आली की युनिट कोड नोंदवतं, दिवा लावतं आणि यंत्रणेचा काही भाग किंवा काही गाड्यांत सगळीच यंत्रणा बंद ठेवतं. नेमका कोणता भाग बंद आहे, हे गाडीत बसलेल्याला समजण्याचा मार्ग नाही. म्हणून दिवा लागलेला असेल तर ‘माझ्या गाडीत आज एअरबॅग नाही’ असं धरूनच चालावं.

आणखी एक बारकावा. मोठ्या धडकेत बॅटरी पहिल्याच फटक्यात चिरडली जाऊ शकते. म्हणून युनिटच्या आत विजेचा छोटा साठा करणारा कपॅसिटर असतो. बॅटरी गेली तरी तेवढ्यावर एअरबॅग उघडतात. याच कारणाने, एअरबॅगपाशी काम करायचं तर बॅटरीची तार काढून लगेच हात घालायचा नसतो. कंपनी सांगेल तितकी, एक ते तीन मिनिटं थांबावं लागतं.

सीटखालचा पिवळा कपलर

आता दसऱ्याच्या गाडीकडे येऊ. पुढच्या सीटखाली हात घातला तर वायरींचा एक जुडगा लागेल आणि त्याच्या टोकाला पिवळ्या रंगाचा कपलर. एअरबॅगच्या यंत्रणेची जोडणी पिवळी ठेवण्याचा रिवाज जवळजवळ सगळ्या कंपन्या पाळतात, म्हणजे मेकॅनिकने पिवळं दिसलं की हात आखडता घ्यावा. सीटमधली बाजूची एअरबॅग, बकलचं बटण, बसणाऱ्याला ओळखणारी चटई, यांतलं गाडीत जे असेल त्याच्या वायरी इथून जातात.

आता बघा, ही जागा किती वाईट आहे. सीट पुढे-मागे सरकली की वायरी ओढल्या जातात. मागे बसणाऱ्याचे बूट तिथेच. पाण्याची बाटली घरंगळत तिथेच जाते, छत्री तिथेच कोंबली जाते, व्हॅक्यूमची नळी तिथेच घुसते. सगळ्या गाडीत लोक कुठे धसमुसळेपणाने हात घालत असतील तर तो सीटखाली, आणि नेमका तिथेच असा जोड, ज्याला एखाद्या ओहमचा फरक चालत नाही.

वॉशिंग सेंटरात बहुधा घडतं ते याहून साधं. सीट काढताना कपलर सोडवावा लागतो. यातही काही बिघडत नाही; कपलर सुटला की त्याच्या आतली एक स्प्रिंगची पट्टी पेटवणीच्या दोन्ही टोकांना आपोआप जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनेही ती पेटू नये. पण सीट बाहेर काढून ठेवलेली असताना कोणीतरी किल्ली फिरवतो. गाडी दोन हात पुढे घ्यायची असते किंवा काम करता करता गाणी ऐकायची असतात. युनिट जागं होतं, फेरी मारतं, एका खोलीचं दारच जागेवर नाही असं त्याला दिसतं, आणि ते कोड नोंदवून ठेवतं. मग सीट बसते, कपलर घट्ट लागतो, सगळं पूर्ववत होतं. पण बऱ्याच गाड्यांत एकदा नोंदलेला दोष स्कॅनर लावून पुसल्याशिवाय दिवा विझत नाही. काही गाड्यांत दोष नाहीसा झाला की दिवा पुढच्या वेळी आपोआप विझतो, कोड मात्र आठवणीत राहतो.

सीट कव्हर बसवून घेताना, नवी म्युझिक सिस्टिम लावताना, बंपरचं डेंटिंग-पेंटिंग करताना हेच घडतं. कारण वेगळं दिसतं, मूळ एकच: जोड सुटा असताना किल्ली फिरली.

पिवळा कपलर खरोखरच सैल किंवा खराब झाला असेल, तर गॅरेजात दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला, आतल्या पिना पॉलिश पेपरने घासणं. या पिनांवर बहुतेक वेळा सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही; घासला की तो जातो आणि दिवा काही महिन्यांनी पुन्हा हजर. दुसरा, कपलर कापून वायरींना पीळ देऊन वर टेप मारणं. पिळाच्या जोडाला गंज चढतो, रोध वाढतो, आणि स्थिर विजेपासून वाचवणारी ती स्प्रिंगची पट्टीही कापलेल्या कपलरबरोबर गेलेली असते.

हॉर्नही गेला असेल तर

स्टिअरिंग फिरतं, त्याच्यामागचा दांडा ज्यात बसवलेला असतो तो भाग मात्र फिरत नाही. मग फिरणाऱ्या चाकातल्या एअरबॅगपर्यंत अखंड वायर कशी न्यायची? यासाठी स्टिअरिंगच्या मागे एक चपटी गोल डबी असते, तिच्यात रिबीनसारखी वायर सैल वेटोळी घालून ठेवलेली. चाक एका बाजूला फिरवलं की वेटोळी आवळतात, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैलावतात. हिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. हॉर्नची, आवाज कमी-जास्त करायच्या बटणांची आणि एअरबॅगची, सगळ्यांच्या तारा त्याच रिबिनीतून जातात.

घाटात, गल्लीत, पार्किंगमध्ये लाखो वेळा दुमडून ती रिबीन एखाद्या दिवशी तुटते. दिवा लागला आणि त्याच सुमारास हॉर्न मधूनच वाजेनासा झाला किंवा स्टिअरिंगवरची बटणं मेली, तर निदान जवळजवळ झालंच. स्टिअरिंग एका विशिष्ट कोनात आलं की दिवा लागतो, हीसुद्धा तिचीच खूण. ही दुरुस्त करायची वस्तू नाही, बदलायची आहे. बसवताना ती बरोबर मध्यावर ठेवावी लागते; नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला नवी रिबीन ताणून तुटते. स्वस्तात डुप्लिकेट मिळते. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं मत आहे.

पाणी, उंदीर आणि म्हातारी बॅटरी

कंट्रोल युनिट गाडीच्या जमिनीलगत असतं, हे वर आलंच. धक्का नीट मोजायला ती जागा उत्तम, पुरात मात्र सगळ्यात वाईट. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तशा पुरात सीटच्या उंचीपर्यंत पाणी चढलं की गालिच्याखालचे सगळे कपलर आणि हे युनिट बुडतंच. इंजिन उघडून, वाळवून सुरू करता येतं. कपलरमधला चिखल आणि पिनांवरचा हिरवा गंज सावकाश, महिन्यांनी बोलू लागतो. जुनी गाडी घेताना चेंडूवाला दिवा लागलेला दिसला तर पुढचा गालिचा उचलून बघावा. सीटच्या रुळांवर गंज आणि गालिच्याखाली गाळाची रेघ असेल तर तिथूनच परत फिरावं.

उंदरांबद्दल जास्त सांगायला नको. पावसाळ्यात उभ्या गाडीत ते शिरतात आणि वायरी कुरतडतात. त्यांना पिवळा रंग कळत नाही.

बॅटरी हे कारण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. दमलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की क्षणभर व्होल्टेज खाली कोसळतं. युनिटची तपासणी त्याच क्षणी चालू असेल तर आकडे गडबडतात आणि कमी व्होल्टेजचा कोड नोंदला जातो. नवी बॅटरी टाकल्यावरही दिवा कायम राहिला, तर मेकॅनिकला युनिट बदलायचा सल्ला देण्याआधी कोड पुसून बघा म्हणावं. बकलमध्ये सांडलेला चहा, बिस्किटाचा चुरा, मुलांनी सरकवलेलं नाणं, यांनीही आतलं बटण अडकतं आणि काही गाड्यांत तोच दिवा लागतो.

स्कॅनर लावा, पण कोणता?

कोड वाचल्याशिवाय काहीही बदलायचं नाही, एवढा एक हट्ट धरला तरी बराच खर्च वाचतो. युनिटने दोष कोणत्या वायरीत आणि कोणत्या प्रकारचा हे लिहून ठेवलेलं असतं: ‘चालकाची एअरबॅग, रोध जास्त’, ‘डावा प्रीटेन्शनर, वायर पत्र्याला टेकलेली’ अशा स्वरूपात. तो दोष आत्ता चालू आहे की जुनी नोंद आहे, हेही बहुतेक वेळा कळतं.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यांच्यावर ‘कोड नाही’ असं आलं म्हणजे एअरबॅग ठीक आहे असं होत नाही. त्यांनी एअरबॅगच्या युनिटची वही उघडलेलीच नसते. एअरबॅगचं युनिट वाचू शकणारा स्कॅनर अधिकृत सर्व्हिस सेंटरात असतो, आणि आता बऱ्याच चांगल्या बाहेरच्या गॅरेजांतही.

कोड म्हणतो ‘चालकाची एअरबॅग’. पण दोष पिशवीत आहे, क्लॉक स्प्रिंगमध्ये आहे की वायरीत? हे शोधायला जाणकार मेकॅनिक एअरबॅग सोडवून तिच्या जागी २ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर जोडतो. दिवा विझला तर वायर बरी, दोष पिशवीत. दिवा राहिला तर दोष अलीकडे. साध्या मल्टिमीटरने थेट एअरबॅगचा रोध मोजायचा नसतो. मीटरचा स्वतःचा प्रवाह त्या पेटवणीतून जातो, आणि ती किती थोडक्यात पेटते हे आपण पाहिलंच. यूट्यूबवर तसं करणारे शूर दिसतात. त्यांचं अनुकरण करू नये.

मालकाने स्वतः काय करावं? किल्ली बंद असताना सीटखाली वाकून पाहावं, अडकलेली बाटली-छत्री हलक्या हाताने काढावी, बकलमधला कचरा झटकावा. पिवळ्या कपलरला हात लावू नये. तिथपर्यंतच.

चौकट: दिवा लागलेला असताना

* गाडी चालवता येते, ओढून न्यावी लागत नाही. पण लांबच्या प्रवासाआधी स्कॅनर लावून घ्या.
* बेल्ट सगळ्यांनी लावायचाच, मागच्या सीटवरसुद्धा. प्रीटेन्शनर बंद असला तरी बेल्ट धरतोच.
* मुलांना पुढे बसवू नका. बाळाची मागे तोंड असलेली सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नसते, दिवा लागलेला असो वा नसो.
* ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ हा दिवा वेगळा. तो बिघाड दाखवत नाही; ती एअरबॅग बंद केलेली आहे एवढंच सांगतो.
* दुरुस्तीनंतर कोणता कोड होता आणि काय बदललं, हे बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘एअरबॅग लाइट ओके’ असं लिहिलेलं चालणार नाही.

विझलेल्या दिव्याचं काय?

इथवर आपण लागलेल्या दिव्याबद्दल बोललो. तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने लागतो आणि थोडक्यात विझवता येतो. मला जास्त काळजी वाटते ती न लागलेल्या दिव्याची.

मेकॅनिकचा तो रेझिस्टर आठवा. अपघातात एअरबॅग उघडल्या की नव्या पिशव्या, प्रीटेन्शनर, कंट्रोल युनिट, फाटलेला डॅशबोर्ड, असा खर्च इतका होतो की विमा कंपनी पुष्कळदा गाडी ‘टोटल लॉस’ ठरवते. तीच गाडी कोणी भंगाराच्या भावात घेतो, पत्रा सरळ करतो, रंग मारतो. एअरबॅगच्या जागी काही रुपयांचा रेझिस्टर लावला आणि युनिटमधली धडकेची नोंद पुसून घेतली की २ ओहमचा आकडा बरोबर येतो. रखवालदार कुलूप ओढून पाहतो, कुलूप घट्ट आहे. खोली रिकामी. याहून आळशी फसवणूक म्हणजे दिव्याचा बल्बच काढून टाकणं किंवा त्याची वायर शेजारच्या दिव्याला जोडणं.

म्हणून जुनी गाडी बघताना किल्ली फिरवल्यावर चेंडूवाला दिवा विझतो का, याआधी तो लागतो का हे पाहावं. लागलाच नाही तर काहीतरी दडवलेलं आहे. इतर दिव्यांपैकी एखाद्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझत असेल तरी शंका घ्यावी, आणि स्कॅनरने त्या युनिटशी बोलणं होतं का ते तपासून घ्यावं. रेझिस्टर मात्र स्कॅनरलाही सहसा सापडत नाही. तिथे स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाची आणि डॅशबोर्डची ठेवण, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, हेच उपयोगी पडतं.

काही फसवणुकी तर आपण स्वतःच विकत घेतो. बेल्ट न लावल्याची पिपाणी बंद करायला बकलमध्ये खोचायच्या क्लिपा बाजारात धडाक्याने विकल्या जात होत्या. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकायला सांगितलं. क्लिप खोचली की युनिटला वाटतं, माणसाने बेल्ट लावलाय. काही गाड्यांत बेल्ट लावलेल्या माणसासाठी एअरबॅग जरा जास्त जोराच्या धडकेलाच उघडते, कारण छोट्या धडकेला बेल्ट पुरतो. म्हणजे क्लिप लावणाऱ्याने बेल्टही सोडला आणि एअरबॅगलाही चुकीची माहिती दिली. बाजूची एअरबॅग असलेल्या सीटवर चारही बाजूंनी शिवलेलं जाड कव्हर घातलं, तर पिशवीला बाहेर यायची वाट अडते. दिवा यावर काहीच म्हणत नाही. नाकासमोर लावलेला लोखंडी बुलबार धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत वेगळ्याच रीतीने पोचवतो. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं ते उगाच नव्हे. दिवा याहीबद्दल गप्प असतो.

आणि मसाल्याचं काय? जपानच्या टकाटा कंपनीने एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेटचा मसाला वापरला होता. वर्षानुवर्षं दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून तो मसाला बदलतो आणि पेटला की अति जोराने पेटतो. मग ज्या धातूच्या डबीतून, म्हणजे इन्फ्लेटरमधून, वायू यायचा, तीच फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या अंगात घुसतात. जगभर तिसाहून अधिक माणसं अशी गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आणि २०१७ च्या जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उष्ण आणि दमट प्रदेशांत धोका सर्वांत जास्त होता. आपली किनारपट्टी तशीच आहे, आणि भारतातही अनेक गाड्या यासाठी परत बोलवल्या गेल्या. यातल्या कुठल्याही गाडीत बिघडलेल्या मसाल्यामुळे दिवा लागला नव्हता. पेटवणीच्या तारेचा रोध २ ओहमच होता.

अशा दोषाची खबर मीटरवर कधीच येत नाही, ती कंपनीच्या रिकॉलच्या यादीत असते. आरसीवर छापलेला चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरात दिला, की आपल्या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे का ते कळतं. पहिल्या मालकाने ते करून घेतलं असेलच, असं धरू नये. त्याला आलेलं पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. काम फुकट होतं, आणि गाडी कितव्या मालकाची आहे हे त्यासाठी आड येत नाही.